चाळिशीनंतर वेल्डिंग: शिकायचं कुठे, टिकायचं कसं

कारखाना बंद पडतो, दुकान चालेनासं होतं, शेतीवर घर भागत नाही, नाहीतर एकाच मशिनवर वर्षानुवर्षं काढल्यावर ठेकेदार बदलतो आणि नवा माणूस ओळख देत नाही. चाळिशीच्या आसपास नवं कसब शोधायची वेळ बहुधा अशीच येते. मग कोणीतरी सांगतं, ‘वेल्डिंग शिक, काम मिळेल.’ सल्ला चांगला आहे. पण या वयात आयटीआयत घेतील का, शिकेपर्यंत घर कसं चालवायचं, डोळे साथ देतील का आणि शिकून नेमकं कोणतं काम धरायचं, हे सांगायला कोणी थांबत नाही. म्हणून ते इथे सविस्तर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: घेतात. आयटीआयच्या प्रवेशाला खालची अट आहे, १४ वर्षं पूर्ण असण्याची. वरची अट नाही. वेल्डर हा एका वर्षाचा ट्रेड आहे आणि राष्ट्रीय अभ्यासक्रमात त्यासाठी आठवी पास एवढंच किमान शिक्षण धरलं आहे. राज्यातले प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरावा. २०२२ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास आहेत. त्यांतले ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि १२० रोजगार कौशल्यांचे. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. जो आधीच एखाद्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं होल्डर धरतो आहे, पण हातात कागद नाही, त्याला ठरावीक अनुभवाच्या आधारे खासगी उमेदवार म्हणूनही या परीक्षेला बसता येतं. याची चौकशी जवळच्या सरकारी आयटीआयत करावी.

त्या ८४० तासांत हात काय शिकतो? रॉडचं टोक लोखंडाला टेकवून लगेच थोडंसं अंतर ठेवलं की आर्क पेटतो. तिथलं तापमान काही हजार अंशांवर जातं आणि साधारण १५०० अंशांना वितळणारं पोलाद पाण्यासारखं होतं. रॉडवरचं फ्लक्सचं आवरण जळून वायू तयार होतो, तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो; वर स्लॅगची खपली धरते, ती चिपिंग हॅमरने काढायची. ऐकायला सोपं वाटतं. अवघड आहे ते अंतर, कोन आणि वेग एकाच वेळी सांभाळणं, तेही रॉड जळून क्षणाक्षणाला आखूड होत असताना. हात पुढे सरकतो आणि खालीही उतरत राहतो. घाई झाली की कडेला अंडरकट, म्हणजे खाच पडते, रॉड ओला असला की पोरोसिटी, म्हणजे धातूत बारीक छिद्रं येतात, करंट कमी ठेवला की धातू वर बसतो पण आत मुरत नाही.

सुरुवात सपाट पट्टीवरच्या सरळ बीडने, म्हणजे वितळलेल्या धातूच्या एका रेघेने होते. मग आडवा जोड, उभा जोड आणि डोक्यावरचा. जोडीला गॅस कटिंग, कारखान्यांत सीओटू म्हणून ओळखलं जाणारं मिग आणि आर्गन म्हणून ओळखलं जाणारं टिग. टिगमध्ये एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलरची तार, आणि दोन्ही हात एकमेकांशी जुळवून चालवायचे.

आता वयाचा हिशेब, कारण तो लपवून उपयोग नाही. चाळिशीत जवळचं दिसणं कमी होतं आणि वेल्डरचं सगळं काम हातभर अंतरावरचं. काळ्या काचेआडून वितळलेल्या धातूचं लहानसं तळं नीट दिसलं नाही तर हात कितीही स्थिर असला तरी जोड बिघडतो. यावर उपाय आहे. प्रवेश घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, चष्मा हेल्मेटच्या आत घालावा, किंवा हेल्मेटमध्ये बसणारं भिंग वापरावं. बिघडलेल्या बीडचा दोष आपल्या वयाला लावून शिकणं सोडण्याआधी ही एक गोष्ट जरूर करावी. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहण्याची चूक मात्र कधीच करू नये. त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं.

धुराकडे तर आपल्याकडे कोणी लक्षच देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर जस्ताचा थर असतो. तो न काढता वेल्डिंग केलं तर धुराने थंडी वाजून ताप भरतो. ज्याची फुप्फुसं आधीच तंबाखूने किंवा गिरणीच्या धुळीने दमलेली आहेत, त्याने मास्क आणि खेळती हवा यांवर अडूनच बसावं. ‘आम्ही इतकी वर्षं असंच करतो’ म्हणणाऱ्या उस्तादाचं कसब घ्यावं, ही सवय घेऊ नये.

वयाचा फायदाही आहे. लो हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये वाळवून घेणं, जोडाच्या कडा ग्राइंडरने साफ करणं, टॅक मारल्यावर माप पुन्हा तपासणं, या कंटाळवाण्या गोष्टींवर जोड टिकतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी घाईची किंमत मोजली आहे, त्याला त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

प्रमाणपत्र मिळाल्यावर कोणता रस्ता? सरकारी शिकाऊ उमेदवारीवर भिस्त ठेवू नये; रेल्वेसारख्या ठिकाणी त्यासाठी साधारण २४ वर्षांची वयोमर्यादा असते. चाकण, भोसरी, वाळूजसारख्या पट्ट्यांत मिगचं काम भरपूर, पण मोठ्या कारखान्यांत एकसारखे जोड रोबोकडे गेले आहेत. माणसाचा हात लागतो तो जिथे प्रत्येक जोड वेगळा असतो तिथे. गावातलं फॅब्रिकेशनचं दुकान हे त्यातलं पहिलं: गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, ट्रॅक्टरची ट्रॉली, मोडलेला नांगर. इथे गिऱ्हाइकाशी बोलणं, माप घेणं, भाव सांगणं हेही कसबच, आणि त्यात चाळिशीचा माणूस विशीतल्या पोरापेक्षा पुढे असतो. दुसरं साखर कारखान्यांचं. गाळप चालू असताना ऊस नीट पकडला जावा म्हणून मिलच्या रोलरवर आर्किंग करतात, म्हणजे वेल्डिंगने खडबडीत ठिपके चढवतात. हंगाम संपला की बॉयलरच्या नळ्यांपासून पाइपलाइनपर्यंत दुरुस्तीची कामं निघतात.

सर्वांत कसोटीचा आणि सर्वांत मान असलेला रस्ता दाबाखालच्या पाइपांचा. रूट, म्हणजे तळाचा पहिला थर आर्गनने, वरचं फिलिंग आणि कॅपिंग ७०१८ या लो हायड्रोजन रॉडने. ६जी चाचणीत पाइप ४५ अंशांत घट्ट बांधलेला असतो. तो फिरवता येत नाही, वेल्डरलाच त्याच्याभोवती फिरावं लागतं. मग जोडाचा एक्स-रे काढतात किंवा पट्ट्या कापून वाकवून पाहतात. बॉयलरच्या कामाला बाष्पके नियमांखालची वेगळी परीक्षा आहे. अमेरिकेच्या एएसएमई संहितेनुसार एखाद्या प्रक्रियेने सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर त्या प्रक्रियेतली पात्रता संपते, मग पूर्वीचा अनुभव कितीही वर्षांचा असो. आखाती देशांतल्या नोकरीसाठी मुंबईत होणाऱ्या ट्रेड टेस्टमध्येही तुकडा जोडूनच दाखवावा लागतो. उशिरा आलेल्यासाठी मला यात सर्वांत मोठा दिलासा दिसतो. नोकरीच्या अर्जावर जन्मतारीख असते, एक्स-रेच्या फिल्मवर फक्त जोड दिसतो.

खरी अडचण वयाची नाही, वर्षभराच्या घरखर्चाची आहे. आयटीआयचे वर्ग मुख्यतः दिवसा भरतात आणि परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. सोळा वर्षांच्या मुलाला आईवडील पोसतात. ज्याच्यावर घर आहे त्याला कोण पोसणार? म्हणून प्रवेशाआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून त्या वर्षाचा खर्च मांडावा, हप्ते आणि शाळेची फी धरून. जमत नसेल तर आधी एखाद्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागावं आणि अनुभवावर परीक्षेला बसावं. हा रस्ता लांबचा आहे, पण घर उपाशी राहत नाही.

शासनाने वयाची वरची अट ठेवली नाही हे योग्यच केलं. आता वेळापत्रकही तसंच सैल करायला हवं आणि खर्चालाही हात द्यायला हवा: संध्याकाळच्या बॅचेस, प्रौढ विद्यार्थ्यांना पोटापुरतं विद्यावेतन आणि पास झालेल्यांच्या पहिल्या ६जी चाचणीचा खर्च. एवढं झालं तर अर्ज भरायला माणसं आपणहून येतील, आणि त्यांच्याबरोबर त्यांची घरंही सावरतील.