‘संत्र्याचा भाव काय?’ आणि १४४ बाइट

हंगाम सुरू झाला की पांढुर्ण्यातल्या संत्रा व्यापाऱ्याचा फोन दिवसभर एकाच प्रश्नानं वाजत राहतो: संत्र्याचा भाव काय? समजा, अशा एखाद्या व्यापाऱ्यानं गादीजवळ एनएफसीचं एक गोल स्टिकर लावायचं ठरवलं. येणाऱ्यानं फोन टेकवायचा, व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं, त्यात हा प्रश्न आधीच टाइप होऊन आलेला असायचा आणि समोरच्यानं फक्त पाठवायचं बटण दाबायचं. यासाठी बाजारात सर्रास मिळणारी स्वस्त चिप म्हणजे एनटॅग २१३. तिच्यात आपल्याला लिहायला १४४ बाइट जागा असते. एवढासा प्रश्न तिच्यात बसायला काय हरकत आहे?

मोजून पाहू. संगणक देवनागरी अक्षर सुटं करून साठवतो. ‘संत्र्याचा’ या शब्दात त्याच्या लेखी १० खुणा आहेत: स, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य, काना, च, काना. ‘भाव’मध्ये ३ आणि ‘काय’मध्ये ३. एकूण १६. यातल्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. हाच मजकूर वेब-पत्त्यात घालायचा झाला, की प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे दोन अक्षरं अशा तीन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका खुणेला ९ जागा. सोळा नवे एकशे चव्वेचाळीस!

अख्खी चिप भरली. अजून शब्दांमधल्या दोन मोकळ्या जागा आणि प्रश्नचिन्ह यायचंच आहे. त्यांचे आणखी ९. दुकानाचा नंबर तर लिहायला घेतलेलाच नाही. हेच तीन शब्द रोमन लिपीत लिहिले तर १७ अक्षरांत, १७ बाइटांत आटोपतात. आपल्या लिपीला इथे साडेआठपट भाडं पडतं. मला हा हिशोब या सगळ्या तंत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एनएफसीच्या जगात बाकीचे आकडे इतके अफाट आहेत की डोकं गरगरावं, पण दुकानदाराचं काम अडतं ते या लहानशा १४४ वर.

आधी ते अफाट आकडे पाहू.

१४४ बाइट म्हणजे १,१५२ बिट, म्हणजे १,१५२ घरं आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. या घरांत भरता येण्याजोग्या वेगवेगळ्या मजकुरांची संख्या लिहायला बसलात तर ती ३४७ अंकी होते. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण ८१ अंकी मानतात. वीस-तीस रुपयांच्या स्टिकरवर विश्वातल्या अणूंहून कल्पनेपलीकडे जास्त वेगवेगळ्या गोष्टी लिहिता येतात, आणि तरी भावाचा एक मराठी प्रश्न त्यात बसत नाही!

प्रत्येक चिपला कारखान्यातच कायमचा क्रमांक मिळतो, तो नंतर बदलता येत नाही. तो ७ बाइटांचा असतो. पहिला बाइट चिप बनवणाऱ्या कंपनीची खूण, उरलेले ६ त्या कंपनीच्या हातात. सहा बाइटांत किती क्रमांक होतात? २८१ लाख कोटींहून जास्त. हा आकडा आपल्या भागातल्या मापानं मोजू. संत्र्याची बाग ६ बाय ६ मीटरवर लावली तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. झाडामागे ७०० फळं धरली तर हेक्टरी जवळजवळ १ लाख ९४ हजार संत्री होतात. आता सौसर-पांढुर्ण्याची काळी जमीनच कशाला, हिमालय, थरचं वाळवंट, मुंबईचे रस्ते असा भारताचा सगळा ३२.८७ कोटी हेक्टरांचा भूभाग संत्र्यानं झाकून टाका. मग प्रत्येक संत्र्याला चिपचा एकेक क्रमांक देत चला. वर्षाला एक बहार धरला तर चार बहार पूर्ण उतरतील, पाचवा निम्मा होत येईल, तेव्हा कुठे एका कंपनीचे क्रमांक संपतील. सेकंदाला एक याप्रमाणे नुसते मोजत बसलं तर ८९ लाख वर्षं लागतील.

या चिपला बॅटरी नसते. तिची वीज फोन पुरवतो. फोनमधला अँटेना सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा हेलकावणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. स्टिकरमधलं तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं वेटोळं त्यातून वीज उचलतं आणि त्या विजेवर एक मिलिमीटरहूनही लहान चिप जागी होते. नागपूरला मेट्रोत महाकार्ड टेकवतात किंवा दुकानात बँकेचं कार्ड मशीनवर धरतात, तिथेही हीच १३.५६ मेगाहर्ट्झची वारंवारता असते. या लहरीची लांबी २२ मीटर, पण स्टिकर वाचलं जातं जेमतेम चार सेंटिमीटरांवरून. म्हणून ‘टेकवा’ हाच शब्द बरोबर आहे. बाजूनं जाणाऱ्याचा खिशातला फोन आपोआप काही उघडत नाही.

चिप आणि फोनच्या संभाषणात एकेका बिटसाठी क्षेत्राचे १२८ हेलकावे खर्ची पडतात. सगळे १४४ बाइट वाचायला, इकडच्या तिकडच्या तपासणीचे बिट सोडले तर, १ लाख ४७ हजार ४५६ हेलकावे लागतात. वेळ म्हणाल तर ११ मिलिसेकंद. माणसाची पापणी लवायला याच्या किमान दसपट वेळ जातो.

आता मुद्द्याच्या जागेकडे येऊ. दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर स्टिकरवर लिहिल्यावर आत नेमकं काय जातं, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि दहा आकडी नंबर, अशी १८ अक्षरं झाली. चिपमध्ये ती अशी बसतात: ०३, १७, डी१, ०१, १३, ५५, ०४, मग ती १८ अक्षरं, आणि शेवटी एफई. पहिलं ०३ म्हणजे ‘इथून मजकूर सुरू’. १७ आणि १३ या सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीतल्या लांब्या, आपल्या मोजणीत २३ आणि १९. ५५ म्हणजे ‘हा वेब-पत्ता आहे’. आणि मग तो ०४! तो एकटा बाइट ‘एचटीटीपीएस’पासून दोन तिरक्या रेघांपर्यंतच्या आठ अक्षरांचं काम करतो. ज्यानं हे ठरवलं त्याला एकेका बाइटची किंमत कळत होती. शेवटचा एफई म्हणजे ‘संपलं’. सगळं मिळून २६ बाइट.

या आठ बाइटांच्या सरंजामाखेरीज कोऱ्या चिपमध्ये कारखान्यातूनच आलेली ५ बाइटांची एक नोंद असते. ती वजा केली की पत्त्यासाठी हाती १३१ अक्षरं उरतात. गूगलवर दुकानाबद्दल अभिप्राय लिहिण्याची लांबलचक लिंक साधारण ७१ अक्षरांची असते, ती आरामात बसते. भावाचा प्रश्न नंबरासकट १७७ वर जातो, तो बसत नाही. ‘पांढुर्णा’ हा शब्द देवनागरीत पत्त्यात घातला तर त्या एकट्याला ८१ जागा लागतात, ‘सौसर’ला ३६. रोमन लिपीत पांढुर्णा ९ अक्षरांत होतं.

मोठी चिप घेणं हा एक उपाय आहे. एनटॅग २१५ मध्ये ५०४ बाइट असतात, २१६ मध्ये ८८८. पण माझं मत विचाराल तर जास्त पैसे तिथे घालू नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये दुकानाची स्वतःची छोटी लिंक मिळते आणि तिच्यासोबत जाणारा संदेश अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवता येतो. मग स्टिकरवर तीसच्या आत अक्षरं जातात आणि ‘संत्र्याचा भाव काय?’ हा प्रश्न अस्सल देवनागरीत, अनुस्वार-हलन्तासकट, गिऱ्हाइकाच्या फोनवर उमटतो. अंबिया बहाराला एक मजकूर, मृगाला दुसरा. स्टिकरला हात लावायची गरज नाही.

खरी किल्ली हीच आहे. स्टिकरवर माल लिहायचा नसतो, मालापर्यंतचा पत्ता लिहायचा असतो. दरपत्रक, औषधांची मात्रा, हॉटेलची यादी, लग्नाच्या हॉलच्या रिकाम्या तारखा, काहीही असो, ते वेबपानावर राहू द्यावं. पत्ता लहान, कायमचा आणि आपल्या मालकीचा असावा.

आपल्या सीमाभागाला याचा एक खास उपयोग आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा म्हणजे पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके. सरकारी कागद हिंदीत, घरातलं आणि बाजारातलं बोलणं बरंचसं मराठी, व्यापाराची ओढ नागपूरकडे. दोन भाषांसाठी दोन स्टिकरं लावायची गरज नाही. फोनचा ब्राउझर पान मागताना मालकानं कोणती भाषा निवडली आहे ते सांगत असतो. वेबपान करणाऱ्याकडून एवढं करून घ्या की मराठी निवडलेल्याला मराठी पान दिसावं, हिंदीवाल्याला हिंदी. सौसरच्या कृषी केंद्रात फवारणीच्या औषधाचं प्रमाण शेतकऱ्याला त्याच्या भाषेत वाचता आलं तर चुकीची मात्रा पडण्याचा धोका कमी होईल. मला या स्टिकराचा सर्वांत मोलाचा उपयोग हा वाटतो. अभिप्राय गोळा करणं त्याच्यापुढे काहीच नाही.

या चिपमध्ये आणखी एक सोय आहे जी फारच कमी लोक वापरतात. तिच्यात मोजणी करणारा आकडा असतो, फोन टेकवून वाचलं की एकानं वाढणारा. तो १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१५ पर्यंत जातो. दिवसाला २०० जण टेकवणार असतील तर तो भरायला २३० वर्षं लागतील. जामसावळीच्या हनुमान मंदिरासारख्या गर्दीच्या ठिकाणी रोज पाच हजार धरले तरी नऊ वर्षं सहज जातील. चिपला सांगून ठेवलं तर हा आकडा आणि तिचा क्रमांक ती दर वेळी लिंकच्या शेवटी स्वतःच जोडते; त्याला २१ अक्षरं लागतात. चार काउंटरांवर चार स्टिकरं असतील तर कोणतं किती चाललं, हे त्यावरून घरबसल्या कळतं.

आता जपायच्या गोष्टी. कोरं स्टिकर लिहून तसंच सोडलं तर दुसरा कुणीही आपल्या फोननं त्यावर स्वतःची लिंक चढवू शकतो. कायमचं कुलूप घालता येतं, पण ते खरोखर कायमचं असतं. नंतर पत्ता चुकला असं लक्षात आलं तर स्टिकर फेकून द्यावं लागतं. त्याऐवजी चार बाइटांचा पासवर्ड घाला. त्याच्या ४२९ कोटींहून जास्त शक्यता असतात. सेकंदाला शंभर प्रयत्न केले तरी सगळ्या तपासायला अहोरात्र ४९७ दिवस लागतील, आणि तेवढा वेळ तुमच्या काउंटरवर कुणी फोन धरून उभं राहणार नाही. मात्र वरून दुसरं स्टिकर चिकटवण्यावर पासवर्डचा इलाज नाही. त्यामुळे पैसे घेण्यासाठी अशी साधी स्टिकरं वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. अधूनमधून स्वतःचा फोन टेकवून पाहत जावं.

लोखंडी शटर, स्टीलचा काउंटर, पत्र्याचा डबा यांवर साधं स्टिकर मुकं होतं. धातूत उलटे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते फोनचं क्षेत्र मारून टाकतात. धातूसाठी मागे फेराइटचा थर असलेलं स्टिकर मागावं, किंवा लाकडी पाटीवर लावावं. शिवाय स्वस्त अँड्रॉइड फोनांपैकी अनेकांत एनएफसी नसतंच. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएसपासून कोणतंही अ‍ॅप न उघडता वाचता येतं. म्हणून शेजारी त्याच पत्त्याचा क्यूआर छापायलाच हवा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर चिप १ लाख वेळा पुसून लिहिता येते. दिवसातून तीनदा बदललं तरी ९१ वर्षं पुरेल. पण लिहिलेला मजकूर टिकण्याची कंपनीची हमी १० वर्षांची आहे. आणि पत्त्याचं वेबनाव? ते बहुतेक जण एकेका वर्षानं घेतात. नूतनीकरण विसरलं, की ते नाव दुसरा कुणी उचलू शकतो. त्या दिवसापासून गावभर लावलेली सगळी स्टिकरं त्याच्या दुकानात गिऱ्हाईक धाडू लागतात. डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. स्टिकरं लावण्याआधी तेवढ्या वर्षांचे पैसे एकदमच भरून टाका, आणि नाव दुकानाच्या मालकाच्या ईमेलवर घ्या, स्टिकर लिहून देणाऱ्याच्या नव्हे.