इंग्रजीच्या वर्गातले चार हट्ट

युगांडातील मकेरेरे येथे १९६१ साली राष्ट्रकुल देशांतील इंग्रजी शिक्षणाविषयी परिषद झाली. तिथे मान्य झालेल्या भूमिकेतील पाच सूत्रे भाषा-अभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये वेगळी काढून दाखवली आणि पाचही चुकीची ठरवली. आपल्याकडे शाळा निवडताना, शिकवणी लावताना त्यांतली तीन अजून प्रमाण मानली जातात, आणि त्यांच्या जोडीला चौथा एक हट्टही असतो.

गैरसमज : इंग्रजी ज्याची मातृभाषा, तोच तिचा खरा शिक्षक.

उच्चारापुरते यात थोडे तथ्य आहे. पण भाषा बोलता येणाऱ्याला ती शिकवता येतेच असे नाही. ‘त्याच्याशी लग्न केले’ या मराठी घडणीवरून विद्यार्थी ‘मॅरीड विथ हिम’ लिहितो. मराठी शिक्षकाला चुकीचे मूळ लगेच उमगते, कारण तो त्याच वाटेने गेलेला असतो.

गैरसमज : जितक्या लहानपणी सुरुवात, तितकी इंग्रजी पक्की.

परदेशी गेलेल्या कुटुंबांत मुलांची जीभ आईवडिलांच्या आधी वळते, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. ती मुले मात्र दिवसभर त्या भाषेत वावरतात. शाळेतली इंग्रजी तास संपला की थांबते. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. तेवढ्याच तासांनंतर उशिरा सुरुवात केलेली मुले बहुतेक चाचण्यांत पुढे होती. मोठ्या मुलाला वाचता-लिहिता येत असते, नियम ताडता येतो, त्याचा हा फायदा. महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यात गैर काही नाही, पण नुसते वय खाली आणून काम भागत नाही. शिक्षकाची तयारी आणि कानावर पडणारी भाषा यांवर बरेच काही ठरते.

गैरसमज : इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द नको.

या आग्रहामागे खरी तक्रार आहे. वर्षानुवर्षे व्याकरण घोकून, वाक्यांची भाषांतरे करूनही पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत चार वाक्ये बोलता आली नाहीत. मात्र दोष होता तो इंग्रजी न वापरण्याचा, मराठी वापरण्याचा नव्हे. ‘अनलेस’ इंग्रजीतून समजावताना शिक्षक आणखी अवघड शब्दांत अडकतो. मराठीत एक वाक्य पुरते आणि वाचलेला वेळ त्या शब्दाची वाक्ये बोलण्यात जातो. अट म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या मुलाला मराठीतून आधीच ठाऊक असते. ते विसरायला लावून शून्यातून सुरुवात कशासाठी? अर्थात सगळा तास मराठीत गेला तर इंग्रजी ऐकायला मिळणार नाही, हेही तितकेच खरे.

गैरसमज : मूल फाडफाड इंग्रजी बोलते, म्हणजे त्याला इंग्रजीतून शिकता येते.

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज, आणि सर्वांत स्वाभाविकही. पाहुण्यांसमोर पोर अडखळत नाही, मग पालकाने शंका का घ्यावी? द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. बोलताना समोरच्याचा चेहरा, हातवारे, प्रसंग मदतीला असतात. पुस्तकातल्या बाष्पीभवनाच्या परिच्छेदाला यांतला कोणताच आधार नसतो. कॅनडात आलेल्या स्थलांतरित मुलांचे बोलणे सुमारे दोन वर्षांत सफाईदार होई, पण अभ्यासाच्या भाषेत ती समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागत. तीही चहूबाजूंनी इंग्रजी असताना! कमिन्स यांचे दुसरे म्हणणे पालकांपर्यंत क्वचितच पोहोचते: एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. बाष्पीभवन मराठीत नीट कळलेल्या मुलाला इंग्रजीत फक्त नवे शब्द शिकायचे असतात; न कळलेल्याला शब्द आणि कल्पना दोन्हींशी एकाच वेळी झगडावे लागते, आणि मग ते उत्तर पाठ करते. गुण मिळतात, म्हणून घरी कोणाच्या काही लक्षात येत नाही. प्रश्नाची शब्दरचना थोडी बदलून विचारली की खरी अडचण कळते.