विश्लेषण : लाइट येताच मोटार आपोआप कशी सुरू होते? पॅनेलमधला छोटा संगणक काय करतो?

रब्बीत हरभरा, गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत अहमदपूर तालुक्यासह लातूर-नांदेड पट्ट्यातील शेतकऱ्यांचे लक्ष थ्री फेज लाइट कधी येते याकडे असते. ती कधी दिवसा येते, कधी रात्री. थंडीत, अंधारात विहिरीवर जायला नको म्हणून अनेक जण स्टार्टरला ऑटोस्विच जोडतात. महावितरण मात्र ‘ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असे आवाहन सातत्याने करते. हा पेच समजून घ्यायचा तर ‘एम्बेडेड सिस्टीम’ म्हणजे काय, हे पाहावे लागेल.

एम्बेडेड सिस्टीम म्हणजे काय?

एखाद्या यंत्राच्या आत बसवलेला, ठरावीक काम करणारा छोटा संगणक म्हणजे एम्बेडेड सिस्टीम. मोबाइलवर आपण हवे ते ॲप टाकतो. वॉशिंग मशीन, डिजिटल वीजमीटर किंवा पंपाच्या आधुनिक पॅनेलमधला संगणक एकदा भरलेला प्रोग्रामच वर्षानुवर्षे चालवतो. त्याला ताकदही फार लागत नाही. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या आणि डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या ‘८०५१’ या चिपमध्ये रॅम होती फक्त १२८ बाइट. एक मोठा एसएमएसही त्यात पूर्ण मावणार नाही.

त्याचे मुख्य घटक कोणते?

पंपाचे पॅनेल उघडले तर पाच गोष्टी ओळखता येतात.

१. पॉवर सप्लाय : लाइनच्या ४१५ व्होल्टपासून चिपला लागणारे ५ किंवा ३.३ व्होल्ट डीसी तयार करतो.

२. सेन्सर : तिन्ही फेज आहेत का, व्होल्टेज किती, मोटार किती अँपिअर घेते, विहिरीत पाणी आहे का, याची माहिती देतात.

३. मायक्रोकंट्रोलर : हा मेंदू. प्रोसेसर, प्रोग्राम साठवणारी मेमरी, रॅम आणि टायमर एकाच चिपवर असतात.

४. आउटपुट : चिपचा क्षीण इशारा रिलेला जातो, रिले कॉन्टॅक्टरची कॉइल ओढते आणि मोटार सुरू होते.

५. संपर्क : मोबाइल स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले ‘नॅनो गणेश’ हे याच प्रकारातले उपकरण. फोनवरून मोटार चालू-बंद करता येते.

आतला प्रोग्राम एकच फेरी सतत मारत असतो : वाच, ठरव, कृती कर. एक फेज गेला तर मोटार बंद. पाणी संपून मोटार कोरडी चालू लागली की अँपिअर घसरतो, तेव्हाही बंद.

मग डीपी का जळते?

साध्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की ती सुटते आणि लाइट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. ही मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे. ऑटोस्विच लाइट येताच माणसाच्या वतीने हिरवे बटण दाबतो आणि ही सुरक्षा बाजूला पडते.

थेट सुरू होणारी मोटार पहिले काही क्षण नेहमीच्या सुमारे सहापट करंट ओढते. समजा, १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या १५ मोटारी आहेत. त्या चालू असताना भार साधारण ८५ केव्हीए, म्हणजे डीपीला पेलणारा. त्याच १५ मोटारी एका क्षणी सुरू झाल्या तर मागणी ५०० केव्हीएच्या आसपास उसळते. व्होल्टेज पडते, मोटारी वेग घेत नाहीत, जास्तीचा करंट लांबत जातो आणि फ्यूज किंवा रोहित्र जाते. ऐन हंगामात डीपी जळाली तर ती बदलेपर्यंत सगळ्यांचेच पाणी थांबते.

यावर उपाय काय?

मायक्रोकंट्रोलरमधला टायमर इथे कामी येतो. पहिल्या मोटारीला १० सेकंद, दुसरीला २०, तिसरीला ३० असा वेळ ठरवला, तर पंधरावी मोटार १५० सेकंदांनी, म्हणजे अडीच मिनिटांत सुरू होईल. पाण्याचे नुकसान जवळपास शून्य. मात्र एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसांत क्रम ठरवायला हवा. सगळ्यांनी एकच वेळ ठेवला तर टायमर असून नसल्यासारखा. डीपीवर मुळातच क्षमतेपेक्षा जास्त मोटारी असतील, तर टायमरनेही भागणार नाही.

पॅनेल घेताना काय पाहावे?

सुरू होण्याचा वेळ बदलता येतो का, एक फेज गेल्यास आणि कोरडे चालल्यास मोटार बंद होते का, आणि ‘ऑटो-मॅन्युअल’ बटण आहे का, हे दुकानातच विचारावे. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मेन स्विच खाली करून फ्यूज काढून ठेवावेत. पॅनेल ‘ऑटो’वर असेल, तर लाइट गेलेली असताना बंद दिसणारी मोटार लाइट येताच सुरू होते. विहिरीवर कोणी काम करत आहे, हे सेन्सरला कळत नाही.