गोकर्णाचा निळा चहा डीएनएचं रक्षण करतो का?

'गोकर्णाचा निळा चहा प्या, डीएनए सुरक्षित ठेवा, कॅन्सर टाळा' असं सांगणारं रील तुमच्याही समोर आलं असेल. यात खरं किती?

डीएनएला धोका कशाचा?
पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर रेणूही तयार होतात. तंबाखूचा धूर आणि अतिनील किरणांमुळे ते वाढतात. हे रेणू डीएनएची साखळी तोडू शकतात.

प्रयोगशाळेत काय करतात?
एका नळीत जिवाणूपासून मिळवलेला गोलाकार डीएनए घेऊन त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाचा क्षार मिसळतात. त्यातून तयार होणारे रॅडिकल डीएनए तोडतात. दुसऱ्या नळीत हेच सगळं, शिवाय फुलांचा अर्क. मग दोन्ही नमुने जेलमध्ये ठेवून वीज सोडतात. अखंड, पीळदार डीएनए वेगाने पुढे सरकतो, तुटलेला मागे राहतो. अर्काच्या नमुन्यातला डीएनए पुढे गेला, तर अर्काने त्याला वाचवलं असं समजतात.

गोकर्ण, जास्वंद अशा फुलांत अँथोसायनिन ही रंगद्रव्यं असतात. ती रॅडिकलना इलेक्ट्रॉन देऊन शांत करू शकतात.

मग अडचण कुठे?
नळीत अर्क थेट डीएनएला भिडतो. कपातला चहा आधी पोटात जातो. अँथोसायनिनचा अगदी थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोहोचतो. बराचसा आतड्यातले जिवाणू बदलून टाकतात.

शिवाय, अँटिऑक्सिडंट जास्त घेतले म्हणजे फायदा जास्त, असंही नाही. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी 18 टक्के जास्त आढळला.

शरीराकडे स्वतःची दुरुस्ती यंत्रणा आहेच. बिघडलेला डीएनए पेशी रोज दुरुस्त करतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

थोडक्यात काय?
नळीतला निकाल म्हणजे संशोधनाची पहिली पायरी. तो औषधाचा पुरावा नाही. निळा चहा आवडतो म्हणून जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर उपचार थांबवू नका. गरोदर असाल किंवा नियमित औषधं सुरू असतील, तर अर्काच्या कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि डीएनएची खरंच काळजी असेल, तर आधी तंबाखू सोडा.