जुन्या दुचाकीची पारख

'जुने ते सोने' ही म्हण आपण तांदळाला लावतो, मित्रांना लावतो, ग्रंथांनाही लावतो. वाहनाला मात्र ती जपून लावावी लागते. बारावीचे निकाल लागले की आमच्या सुरंगी गावातील आणि आसपासच्या पाड्यांवरील पालक शाळेत येऊन बसतात. दाखला, शिष्यवृत्ती यांची बोलणी आटोपली की हळूच विषय निघतो, "गुरुजी, पोराला जुनी गाडी घ्यावी म्हणतो. काय काय बघावं?" अशा पालकांना आम्ही वेळोवेळी जे सांगत आलो, तेच थोड्या विस्ताराने आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरंगी हे सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या पट्ट्यातील गाव. आमचा हा दादरा व नगर हवेलीचा चिमुकला मुलूख १९५४ साली पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाला, १९६१ साली केंद्रशासित प्रदेश बनला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. येथील उच्च शिक्षणाच्या सोयी सिल्वासाच्या आसपास एकवटलेल्या आहेत. शासकीय महाविद्यालय डोकमर्डीला, तंत्रनिकेतन कराडला. (हे कराड साताऱ्याकडचे नव्हे, आमच्या शेजारचे.) शाळेपर्यंत मूल पायी येते, महाविद्यालय पायी गाठता येत नाही. मोठ्या रस्त्यावर बस वा रिक्षा मिळते, परंतु पाड्यापासून त्या रस्त्यापर्यंतची वाट पावसाळ्यात फार लांब होते. पहिला तास बुडू लागला की आधी उपस्थिती घसरते, मग अभ्यासातले मन उडते आणि अखेरीस पटावरचे नावही जाते. तीसचाळीस हजारांची जुनी मोटारसायकल अशा घरात चैनीसाठी येत नाही. ती फसवी निघाली, तर पैशांबरोबर एखाद्या मुलाचे वा मुलीचे शिक्षणही अडते.

एक काळ असा होता की जुनी स्कूटर नव्या स्कूटरहून महाग विकली जाई. १९७२ साली बजाजची 'चेतक' आली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी आपल्या वाचकांत आजही आहे. हाती चालू स्कूटर असलेला मनुष्य त्या काळी मनाला येईल तो भाव सांगे. आता ती टंचाई उरलेली नाही, तरी जुनीचा भाव सांगण्याची ऐट मात्र टिकून आहे. म्हणून पहिली सूचना अशी, की त्याच वर्गातील नव्या गाडीचा आजचा भाव आधी विचारून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली असता जुनीचा भाव जुन्याच हिशेबाने सांगणे न्यायाचे नव्हे, हे विक्रेत्याला सौम्य शब्दांत सांगता येते.

गाडी पाहण्यापूर्वी तिचे कागद पाहावेत, ही आमची दुसरी आणि सर्वांत आग्रहाची सूचना. सामान्यतः याच्या उलट घडते. मुलगा रंग पाहतो, बाप इंजिनाचा आवाज ऐकतो, सौदा ठरतो, पैसे दिले जातात. आणि कागद 'पुढच्या आठवड्यात' मिळायचे ठरतात. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याची हकीगत सांगण्याजोगी आहे. त्याने एका ओळखीच्या माणसाकडून मोटारसायकल घेतली. गाडी उत्तम होती, भावही रास्त होता. तीन महिन्यांनी कळले की नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा तसाच असून हप्ते थकलेले आहेत. गाडी कर्ज देणाऱ्यांनी ओढून नेली. मुलाच्या आईने भातविक्रीतून साठवलेले पैसे विकणाऱ्याकडून परत येईतो त्याचे एक सत्र वाया गेले. यंत्रात काडीचाही दोष नव्हता; जो दोष होता तो कागदावर स्पष्ट लिहिलेला होता.

तेव्हा मूळ नोंदणीपत्र मागावे. त्यावरील चेसिस क्रमांक गाडीच्या सांगाड्यावर, बहुधा हँडलच्या मानेपाशी, कोरलेल्या क्रमांकाशी आणि इंजिन क्रमांक इंजिनावरील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा. तेथे घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या वा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर बोलणे तिथेच थांबवावे. 'एम-परिवहन' या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक घालून नोंदणीची व विम्याची मुदत घरबसल्या पाहता येते. कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा ३५ क्रमांकाचा नमुना हाती आल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा या नियमात असते.

नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरतात. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. परंतु व्यवहारात कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची रीत पडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच प्रकारच्या एका खटल्याचा निकाल दिला. एक मोटार एकामागून एक हातांत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अपघात झाला, तेव्हा भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीवरच्या मालकावर ठेवली. आपल्यापैकी जे गाडी विकणार आहेत त्यांनीही हे ध्यानात धरावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्यास नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. दुकानातून गाडी घेताना ते पाहण्यास मागावे. मागण्यात संकोच कसला?

विम्याचे हस्तांतरही वेगळे करावे लागते. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीस कळवून विमापत्रावर आपले नाव चढवावे. तृतीय पक्षाचा विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. ७५ ते १५० घनसेंटिमीटरच्या दुचाकीसाठी जून २०२२ मध्ये ठरलेला त्याचा वार्षिक दर ७१४ रुपये होता, कर वेगळा. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा त्यात धरलेला नसतो. तो निराळा घ्यावा. एवढ्या अल्प रकमेसाठी संकट ओढवून घेऊ नये.

आमचा प्रदेश गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या बेचक्यात आहे. त्यामुळे येथील रस्त्यांवर 'डीएन-०९' च्या जुन्या पाट्या, वापी-वलसाडकडची 'जीजे-१५' आणि पालघरकडची 'एमएच-४८' अशा गाड्या एकत्र नांदतात. आपले वाचक बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी राहतात आणि मुले पुण्या-मुंबईस शिकावयास जातात. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो. परराज्यातील गाडी घ्यावयाची तर मूळ कार्यालयाचे २८ क्रमांकाच्या नमुन्यातील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक राहिली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि तेथील करही भरावा लागतो. सीमेपलीकडची गाडी चार हजारांनी स्वस्त दिसली तरी हा कर, हेलपाटे आणि बुडालेले दिवस मिळवले की 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' असा प्रकार होतो.

कागद स्वच्छ निघाले की गाडीकडे वळावे. सकाळी, उजेडात आणि सोबत एखादा विश्वासू कारागीर घेऊन जावे. त्याच्या दोन-तीनशे रुपयांकडे पाहू नये. इंजिनाला प्रथम हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल तर सुरू होण्यातली अडचण विक्रेत्याने झाकली असण्याचा संभव असतो. थंड गाडी किकने दोन-तीन प्रयत्नांत सुरू झाली पाहिजे. सुरुवातीचा पातळ पांढरा धूर वाफेचा असतो व तो लवकर विरतो. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळीत आहे असे समजावे. पिस्टनची रिंग वा व्हॉल्व्हची सीले गेली असतील आणि त्याचा खर्च विद्यार्थ्याला झेपणारा नसतो. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगतो. तो दोष बहुधा थोडक्यात निघतो.

मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. आकडा मागे नेता येतो, झीज मागे नेता येत नाही. मीटर पंधरा हजार सांगते आणि ब्रेकच्या व गिअरच्या पायटांचे रबर गुळगुळीत झालेले आहे, तर रबराचे ऐकावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही टायर जुना होऊन तडकलेला असू शकतो. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्येच अडकले तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ असेल तर सील बदलावे लागेल. अपघात झालेली गाडी ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. जमिनीवर थोडे पाणी ओतून त्यावरून गाडी सरळ ढकलत न्यावी. दोन्ही चाकांचे ओले पट्टे एकाच रेषेत उमटले तर सांगाडा बहुधा सरळ. बाजूबाजूला उमटले तर सांगाडा वाकला असण्याची किंवा मागचे चाक वाकडे बसले असण्याची शंका घ्यावी. आमच्याकडील पाऊस दांडगा, म्हणून सायलेन्सरची खालची बाजू, साखळीजवळचा मागचा दांडा आणि टाकीचा तळ गंजासाठी मुद्दाम पाहावा. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं'; ताजा रंग दिसला की त्याखाली काय आहे हे विचारावे.

कोणती गाडी घ्यावी, असे पुष्कळ जण विचारतात. आमचे उत्तर असे की, जिचा सुटा भाग गावच्या दुकानात मिळतो आणि जी गावचा कारागीर डोळे मिटून उघडतो, ती. शंभर ते एकशे पंचवीस घनसेंटिमीटरची साधी मोटारसायकल या कसोटीस उतरते. पाड्यावरच्या वाटेला तिचे सतरा-अठरा इंची चाक मानवते. स्कूटरचे दहा-बारा इंची चाक खड्ड्यात अधिक आदळते. मात्र रस्ता बरा असेल आणि मुलीला ती सोयीची वाटत असेल तर स्कूटर टाळण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या दुचाकींना १२५ घनसेंटिमीटरपर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची आणि त्यावरील गाड्यांना चाक न अडकू देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्या स्वच्छ चालतात, परंतु त्यांचा बिघाड शोधण्यास यंत्र लागते. आम्हांला विचाराल तर २०१९ च्या आसपासची कार्ब्युरेटरची गाडी खेड्यातील विद्यार्थ्यास सर्वांत सोयीची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या व वॉशर तपासून घ्यावेत, म्हणजे झाले.

आता जमाखर्च. समजा, घरात ३५,००० रुपये आहेत. तर गाडी २७,००० च्या आतच पाहावी. उरलेले ८,००० नावबदल, विमा, टायर, साखळी, ब्रेक आणि हेल्मेट यांच्यासाठी राखावेत. महिन्याचा हिशेबही आधीच करावा. खानवेल ते सिल्वासा सुमारे २० किलोमीटर. जाऊन येऊन ४०. महिन्याला २४ दिवस धरले तर ९६० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर चालणारी गाडी सुमारे १९ लिटर पेट्रोल पिते. भाव ९५ रुपये धरला तर १,८०० च्या आसपास खर्च. लिटरला ३५ किलोमीटर चालणारी, दिसायला रुबाबदार गाडी त्याच अंतराला २,६०० खाते. दहा महिन्यांत आठ हजारांचा फरक पडतो; त्यात वर्षाची पुस्तके आणि बरेच काही येईल.

शेवटी वयाची गोष्ट. मोटारसायकलीच्या परवान्यास १८ वर्षे पूर्ण लागतात आणि अकरावी-बारावीची मुले बहुधा त्याहून लहान असतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास पालकास वा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईतो परवाना मिळत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कारखान्यांच्या मालमोटारींनी भरलेला आमचा रस्ता कोवळ्या हातांचा नाही. तोवर बस बरी, सायकलही बरी.

मूल अठरा वर्षांचे झाले, कागद निर्वेध निघाले आणि गाडीही धड निघाली, म्हणजे नावबदलाचे काम मध्यस्थावर न सोपवता मुलालाच कार्यालयात पाठवावे आणि नमुने त्याच्याच हाताने भरू द्यावेत. नोंदणी त्याच्या नावे, विमा त्याच्या नावे आणि हेल्मेट त्याच्या डोक्यावर, एवढे झाल्यानंतरच गाडीची किल्ली त्याच्या हाती द्यावी, ही आमची सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे.