नारळ सोलायचं यंत्र घेण्याआधी

शिरपूर जैन म्हटलं की अंतरिक्ष पार्श्वनाथाचं देवस्थान आलं, आणि देवस्थान आलं की श्रीफळ आलं. म्हणून आमच्या गटात विषय निघाला: बचतीतून नारळ सोलायचं यंत्र घ्यावं का? दुकानात नारळ येतो तो शेंडी ठेवून सोललेलाच. त्याचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं जाड साल, आपण बघतही नाही. ते सोडण इथंच काढू, काथ्याही विकू, असा विचार होता.

विचार वाईट नाही. पण यंत्राची किंमत विचारण्याआधी नारळ हातात घ्यायला हवा.

सगळे नारळ एका मापाचे नसतात. कोकणातल्या बाणवली जातीत लहानमोठी फळं निघतात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये संशोधन केंद्राच्या 'प्रताप' जातीचं फळ मध्यम आणि गोल. सोडणाची जाडीही एकाच फळात बदलते, देठाकडे जास्त असते.

विजेच्या यंत्रात काटेरी रूळ उलटसुलट फिरतात. काटे सोडणात रुततात आणि ते ओढून काढतात. रुळांतलं अंतर आपल्या फळाला जुळलं नाही, तर एक तर काटा करवंटीला लागून नारळ फुटतो, नाही तर वरवरचा काथ्या निघतो आणि बाकी हातानं ओढावा लागतो. चक्कीवर आपण ज्वारी अन् डाळ एकाच पाटावर, तो न आवळता-सैलावता दळत नाही, तसंच हे. ओलं अन् सुकं फळ एकत्र टाकलं तरी हीच गत.

आणि शेंडी? पूजेचा नारळ शेंडीशिवाय कोण घेणार! ती डोळेही झाकते, त्यामुळे नारळ टिकतो. रूळ बहुधा शेंडीही ओढून नेतात. केरळ कृषी विद्यापीठाचं 'केरामित्र' हे हाताच्या दांड्याचं अवजार आहे. त्यात एकेक फळ माणूसच सोलतो, म्हणून शेंडी राखता येते.

भाड्याचंही बघा. फळाच्या वजनात साधारण ३५ टक्के सोडणच असतं. नारळ दक्षिणेतून येतो, म्हणजे १०० किलोमागे ३५ किलोचं भाडं काथ्यासाठी.

आम्ही ठरवलं ते असं: व्यापाऱ्याकडून सोडणासकट २० नारळ मागवायचे, दोरीनं लांबी-घेर मोजायचा, दोनचार उभे कापून सोडणाची जाडी बघायची. मग यंत्रवाल्याला म्हणायचं, दादा, आमचेच नारळ आमच्यासमोर सोलून दाखवा. फुटलेले किती, शेंडी राहिलेले किती, ते वहीत लिहायचं. तोवर पैसे बँकेतच.