खुर्चीतली कंबर, बांधीतली कंबर

कंबरदुखी हा टेबलाशी बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे, ही समजूत शहरी वाचकांत फार खोलवर रुजलेली आहे, आणि तिची पारख करायची तर चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांइतका योग्य प्रदेश क्वचितच सापडेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून काम करणारी डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था नवजात बालकांच्या मृत्यूवरील संशोधनासाठी जगभर ओळखली जाते. परंतु याच संस्थेने, मुंबईचे मणक्यांचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्या सहकार्याने, गावकऱ्यांच्या पाठीचे आणि हातापायांचे दुखणेही अभ्यासाचा विषय म्हणून हाती घेतले. ज्या घरांत कामाची खुर्ची हा प्रकारच नाही, तेथेही हे दुखणे सर्रास आढळते आणि माणसाच्या रोजच्या कामाला आडवे येते. म्हणून कंबरदुखीचा सगळा दोष खुर्चीच्या माथी मारण्यापूर्वी खुर्ची आणि धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, या दोहोंत समान काय आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

जुलैत पाऊस धरला की रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होतो. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी घेऊन चिखलात उभी असलेली बाई कमरेत वाकून उजव्या हाताने दोन-तीन रोपे एकेका ठिकाणी खोचत मागे मागे सरकते, आणि बांधीचे दुसरे टोक येईपर्यंत तिची कंबर क्वचितच सरळ होते. मोहफुले वेचतानाही हेच वाकणे असते. जिल्हा परिषदेच्या कचेरीत, वनविभागाच्या लेखाशाखेत, औष्णिक वीज केंद्राच्या कार्यालयात किंवा सेतू केंद्रात संगणकापुढे बसलेल्या कर्मचाऱ्याचे श्रम याच्या तुलनेत नगण्य दिसतात. तथापि मणक्यांच्या दृष्टीने दोघांच्या कामात एक साम्य आहे, ते म्हणजे एकच ठेवण तासन्‌तास धरून राहणे.

एकच ठेवण धरून राहणे कमरेला का बाधते, याचे कारण मणक्यांच्या रचनेत आहे. दोन मणक्यांच्या मध्ये असणारी चकती, जिला बोलीत गादी म्हणतात, ही मध्यभागी पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंचे कडे अशी बनलेली असते. प्रौढ वयात तिच्या आतल्या भागाला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला लागणारे पोषण शेजारच्या मणक्यांच्या पृष्ठभागातून हळूहळू झिरपत येते. भार पडला की तिच्यातील पाणी थोडे बाहेर जाते व भार हलका झाला की परत येते. दिवसभराच्या भाराने माणसाची उंची संध्याकाळपर्यंत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने घटते आणि रात्री झोपेत भरून निघते, ती याच कारणाने. भाराची ही आवकजावक चालू राहणे चकतीला मानवते.

स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात चकतीतील दाब मोजून, उभे राहण्यापेक्षा बसण्यात तो अधिक असतो असा निष्कर्ष काढला आणि खुर्चीची बदनामी तेव्हापासून दृढ झाली. मात्र १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेतील चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवून दैनंदिन हालचालींची नोंद घेतली, तेव्हा सैलपणे बसताना हा दाब ०.४६, उभे राहताना ०.५०, पुढे वाकून बसताना ०.८३, आणि पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना २.३ मेगापास्कल भरला. मेगापास्कल हे दाबाचे एकक असून एक मेगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहापट. मोजमाप एकाच व्यक्तीचे असल्याने त्यावर फार मोठा सिद्धान्त उभारता येत नाही, पण केवळ बसणे म्हणजे चकतीवर अत्याचार, हा समज त्यापुढे टिकत नाही.

कचेरीत दुपारनंतर जे घडते ते अधिक लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. सकाळी पाठ टेकवून बसलेली व्यक्ती तीन वाजेपर्यंत खुर्चीत पुढे घसरलेली असते, हनुवटी पडद्याकडे झुकलेली असते, कमरेचा नैसर्गिक बाक उलटा झालेला असतो आणि मागच्या खिशातील जाड पाकिटामुळे शरीराचा भार एका कुल्ल्यावर आलेला असतो. मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध अशा ताणात हळूहळू सैल पडतात, ज्याला विसर्पण म्हणतात, आणि उठून उभे राहिल्यावरही ते लगेच पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी फायलींचा गठ्ठा उचलायला एकदम वाकले की उसण भरते आणि दोष गठ्ठ्याला दिला जातो. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या) उघड्या कोळसा खाणींत डंपर चालवणाऱ्यांचे कामही बैठेच असते, आणि त्यांच्या बाबतीत खडबडीत रस्त्यावरून सर्व शरीराला बसणाऱ्या कंपनांची भर पडते. ही कंपने कंबरदुखीचे मान्य झालेले जोखीमकारण आहेत.

तीन महिन्यांपेक्षा अधिक टिकलेल्या दुखण्याला चिवट किंवा दीर्घकालीन कंबरदुखी म्हणतात, आणि येथे वेदनेचे स्वरूपच बदललेले असते. सतत संदेश येत राहिल्याने मेंदू व मज्जारज्जू अधिक हळवे होतात, इतके की साध्या हालचालीचा संदेशही धोक्याचा म्हणून वाचला जातो. यास मज्जासंस्थेचे संवेदीकरण म्हणतात. अपुरी झोप, कामाचा ताण आणि ‘हललो तर मणका सरकेल’ ही भीती त्याला खतपाणी घालते. या भीतीचा उगम पुष्कळदा एमआरआयच्या अहवालात असतो. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून माणूस वर्षानुवर्षे वाकणे सोडतो. प्रत्यक्षात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पुनरावलोकनात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींच्या चित्रांचा आढावा घेतला असता चकतीची झीज विशीत ३७ टक्के, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत आढळली. केसांच्या पांढरेपणासारखीच ही वयाची खूण असून ती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही. अहवालातील ओळ रुग्णाला समजावून न सांगता हाती ठेवणे हे उपचाराच्या नावाखाली होणारे खरे नुकसान आहे.

याचा अर्थ प्रत्येक कंबरदुखी निरुपद्रवी समजावी असा नाही, आणि या दोन जिल्ह्यांत तर तसे समजणे विशेष धोक्याचे आहे. येथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या की कमरेत व हाडांत असह्य वेदना उठतात, त्यांचा खुर्चीशी काही संबंध नसतो. चंद्रपूर जिल्ह्यातील काही भूभागांत भूजलात फ्लोराइड अधिक असून त्याच्या दीर्घ सेवनाने पाठीचा कणा ताठर होऊ शकतो. बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावा लागतो. तरुणपणी सुरू झालेला, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा व हालचालीने कमी होणारा ताठरपणा सांध्यांच्या दाहाकडे बोट दाखवतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेच्या आतील भागास बधिरता येणे अथवा पायातील ताकद झपाट्याने कमी होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठणे भाग आहे.

अशी कारणे वगळल्यानंतर उरते ती बहुसंख्य कंबरदुखी. तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ज्यांत रुग्णाला नीट समजावून सांगणे, आखीव व्यायाम, मानसोपचार आणि काही प्रमाणात दाहशामक गोळ्या यांची शिफारस आहे, तर कमरेचे पट्टे, वजन लावून ओढ देणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांना नकार आहे. औषधाच्या दुकानातून पट्टा आणून महिनोन्‌महिने बांधणाऱ्यांची संख्या पाहता ही शिफारस गावोगाव पोहोचायला हवी. दाहशामक गोळ्याही पोट आणि मूत्रपिंड बिघडवू शकतात, त्यामुळे त्या स्वतःच्या मनाने दीर्घकाळ घेऊ नयेत.

खुर्चीच्या बाबतीत पाय जमिनीवर टेकणे, कळफलक कोपराच्या पातळीत आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असणे एवढे पुरे होते. ते साधले तरी कोणतीही एक ठेवण दिवसभर चालणारी नसते, म्हणून दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे फिरणे महागड्या खुर्चीपेक्षा अधिक मोलाचे ठरते. चालण्याला तर आता सबळ पुरावा आहे. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाने कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ व्यक्तींवर केलेल्या, २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्याचे उद्दिष्ट आणि त्यासोबत मार्गदर्शन मिळालेल्या गटात हालचालींना आडकाठी करणारे दुखणे परतण्याचा मध्यक काळ २०८ दिवस होता, तर इतरांत तो ११२ दिवस होता. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात हे चालणे सकाळी आठच्या आत उरकावे लागते, आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत पहाटेच्या अंधारात वाघ-अस्वलाची भीती असल्यामुळे वनरस्ता टाळून शाळेचे मैदान, गावातला रस्ता किंवा पावसाळ्यात कचेरीचा लांब व्हरांडा यांतच फेऱ्या घालणे शहाणपणाचे असते. अर्धा तास एकदम जमत नसेल तर सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करूनही सुरुवात करता येते.